भिंतीपलीकडचा हुंकारा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाकडं, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात आला तो सही करायला, नाहीतर साडीच्या पिशवीवर गिऱ्हाइकाचं नाव टाकायला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. ही वही लेकीची आहे, तिची मागची पानं कोरी राहिली होती. कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती पडलीच, तर त्यानं चुका बाजूला सारून वाचावं. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून जे सांगता आलं नाही ते लिहून ठेवते.

आम्ही नंदनवन वस्तीत राहतो. शेजारचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही एका विटेची. नवरा कळमेश्वरला कारखान्यात कामाला, लेक कॉलेजात. मी घरी बसून साड्यांना फॉल लावते. फॉल भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, मग साडीच्या खालच्या काठाला आतून हातानं शिवायचा. पूर्वी दुकानदार साडीबरोबर चिठ्ठी द्यायचा. नंतर तो फॉलचा रंग, कोणाची साडी, कधी पाहिजे, सगळं फोनवर सांगू लागला. माझ्याजवळ बटणाचा फोन होता. काम सुटतं की काय अशी वेळ आली तेव्हा नवा मोठा फोन घ्यायला शेजारणीनं तिच्या भिशीचे पैसे मला दिले. त्याच महिन्यात तिचा नंबर लागला होता. तिला स्वतःसाठी कूलर घ्यायचा होता, तो तिनं घेतला नाही. "थोडे थोडे दे वं, मी कुठी पळून चालली का," एवढंच म्हणाली.

ती माझ्यापेक्षा वयानं मोठी, मी तिला ताई म्हणते. नवरा गेलेला, मूल नाही. मुलींच्या एका होस्टेलात पोळ्या करायला जाते, सकाळी जाते ती चार वाजता येते. वर्षानुवर्षं आमच्यात भाजीच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून, नवरा आणि लेक सोडून, मी मोकळी बोलले असेन ती तिच्याशीच.

पहिले काही हप्ते मी वेळेवर दिले. मग चुकले. एक चुकला म्हणून लाज वाटली, लाजेपायी गेले नाही, गेले नाही म्हणून दुसरा चुकला. तिच्या कडीचा आवाज आला की मी आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची. ती गल्लीतून पुढे गेल्यावरच दार उघडायची. तिचं दार मला पुन्हा उघडं पाहिजे होतं. त्याला पैसेच लागत होते, आणि पैसे येतात ते माझ्या दुपारींतून. त्या दुपारीच फोन खात होता.

उन्हाळ्यात आमच्या भागात दुपारी माणूस दिसत नाही. बारानंतर गल्ली अशी पडते की गाव सोडून सगळे निघून गेले असं वाटावं. कुत्रीसुद्धा नाल्यात शिरतात. कूलर घों घों करतो आणि त्याच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही. अशा वेळी साडी मांडीवर घेऊन मी फोन समोर ठेवायची. छोटे छोटे व्हिडिओ, एक संपला की बोटाच्या धक्क्यानं दुसरा. कोणी नाचतं, कोणी भांडतं, कोणी भेंडी चिरतं. मी बघायची म्हणजे काय करायची ते आज मला सांगता येत नाही. त्यातलं काहीच आठवत नाही.

एक दिवस सुई टोचली म्हणून खाली पाहिलं, तर साडी शिवून झाली होती. टाके बारीक, सारखे, माझ्याच हातचे. पण फॉल वरच्या काठाला लागला होता. जो काठ कमरेत खोचायचा, त्याला. कधी बसवला, कधी शिवला, दोरा कधी संपला आणि नवा कधी ओवला, काही म्हणजे काही आठवेना. मी त्या खोलीत नव्हतेच आणि माझे हात मात्र तिथं बसून काम करत होते. घरात दुसरं कोणी येऊन शिवून गेलं असावं अशी भीती मला वाटली. सगळे टाके उसवले. उसवतानाही बोट फोनकडे गेलं.

आणखी एक झालं. एका व्हिडिओत एक बाई पाठमोरी बसून शिवत होती. हिरव्या रंगाचा कूलर, बाजूला साड्यांच्या पिशव्या, भिंतीचा रंग आमच्यासारखाच. ती मान वळवणार एवढ्यात माझ्या सवयीनं बोट सरकलं आणि ती गेली. मागे जाऊन पाहिलं, सापडली नाही. मग तिलाच शोधत राहिले. कितीतरी दुपारी गेल्या. तिचं तोंड पाहिल्याशिवाय काम करायचं नाही असं जणू कोणी बजावलं होतं. त्या महिन्यात साड्या निम्म्या झाल्या आणि ताईचा हप्ता पुन्हा राहिला.

लेकीला मी बाईचं काही सांगितलं नाही. तिनंच विचारलं, "आई, तू एकटीच काहून हसून राहिली होती? मी दोन आवाज दिले." मी हसले हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा तिच्यापुढे रडू आलं.

तिनं फोन घेतला, ते व्हिडिओ काढून टाकले, सगळ्या घंट्या बंद केल्या. म्हणाली, हात तर मोकळे राहणार नाहीत, कान रिकामे असतात, काहीतरी मोठं ऐक, ज्याला पुढं-मागं असतं. इंटरनेटवर एक बाई एक जाडजूड कादंबरी भाग पाडून वाचत होती, ती तिनं उतरवून दिली. धरणात बुडालेल्या गावाची गोष्ट. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक बाई होडीनं जाते आणि आपल्या घराचं अंगण झाडून परत येते. वाचणारीचा आवाज साधा होता. पान उलटलेलं ऐकू यायचं, मधेच ती खाकरायची. लेक म्हणाली वेग वाढवता येतो, लवकर संपेल. वाढवून पाहिलं तर ती बाई मागं कोणी लागल्यासारखं वाचू लागली. मी म्हटलं, राहू दे, तिच्या पायानं चालू दे.

पहिल्या दिवसांत काही डोक्यात शिरलं नाही. दोन वाक्यं झाली की मन उडायचं, होडीत कोण बसलं होतं तेच विसरायची. हात आपोआप उठायचा. म्हणून फोन आलमारीच्या वरच्या फळीवर पालथा ठेवून त्यावर ब्लाऊजपीस टाकू लागले. घ्यायचा तर साडी बाजूला ठेवून, उठून, स्टुलावर चढावं लागेल असा. एक भाग पूर्ण ऐकायचा, मधात सोडायचा नाही. संपला की दुसरा लावायचा नाही, उरलेलं काम गुपचूप करायचं, म्हणजे ऐकलेलं आत बसतं. आणि संध्याकाळी लेकीला पोळ्या करता करता सांगायचं. ज्या दिवशी सांगता यायचं नाही, त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा. हळूहळू धागा हातात राहू लागला. साड्या बरोबर काठाला शिवल्या जाऊ लागल्या.

माझ्या नकळत एक सवय परत आली. लहानपणी बाप गोष्ट सांगायचा तेव्हा आम्हाला हुंकारा द्यावा लागे. वाक्य संपलं की हं. तो काटोलकडं संत्र्याच्या बागा राखायला जायचा, तिथं राखणदार रात्रभर जागायला गोष्टी सांगत. हुंकारा थांबला की समजायचं माणूस झोपला, गोष्टही तिथंच थांबवायची. ऐकणारं कोणी नसताना गोष्ट चालू ठेवू नये, मग दुसरंच कोणी हुंकारा देतं, असं तो आम्हाला भेडसवायला म्हणायचा. तर मी फोनमधल्या बाईला हं म्हणू लागले होते. ती वाक्य संपवायची, मी हं म्हणायची, ती पुढं जायची.

एका दुपारी दोरा दातानं तोडत होते. तोंडात दोरा, हं म्हटलं नाही. तरी हं आलं.

मला वाटलं कूलरचा पंप असेल. पण पुढच्या वाक्याला पुन्हा आलं. जाडसर, घशातून, थोडं उशिरा. मी ओठ मिटून बसले. बाई वाचत होती, अंगण झाडून झालं, होडीत केरसुणी ठेवली. हं. पाणी चढायला लागलं होतं. हं. कूलर बंद केला. आवाज भिंतीतून येत होता.

शेजारचं घर दिवसा बंद असतं. ताई होस्टेलला, आणि घरात दुसरं कोणी नाही. तिचे सासरे होते, त्यांना तिच्या दिराकडं काटोलजवळच्या खेड्यात नेलं होतं, एवढं मला माहीत होतं. मी अनवाणी बाहेर गेले. सिमेंट तापलेलं, पाय भाजत होते. तिच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. गल्लीत वारा नव्हता. मी भिंतीशी उभी असताना आमच्या खोलीतून वाचणाऱ्या बाईचा आवाज येत होता आणि कुलूपबंद घरातून कोणी तिला हं म्हणत होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता.

"काहून वं, आता भिंती बोलून राहिल्या का तुयासंगं? त्याहीले म्हणा, एखादा फॉल लावून द्या."

लेक म्हणाली, आवाज भिंतीवर आपटून परत येत असेल. मीही तेच धरून चालले. दुसऱ्या दिवशी मात्र एक केलं. भाग अर्ध्यावर असताना, जे मी कधी करत नव्हते ते केलं, उठून फोन बंद केला. सगळं शांत झालं. मी स्टुलावर उभी. थोड्या वेळानं भिंतीतून आलं, पण या वेळी वर उचललेलं, विचारल्यासारखं. हं?

मी स्टुलावरून उतरले ती सरळ मागच्या गल्लीत राहणाऱ्या चुलत सासूकडं जाऊन बसले, संध्याकाळपर्यंत.

त्यानंतर दोन-तीन दिवस गोष्ट लावलीच नाही. कोरड्या दुपारी बसून शिवत होते. तिसऱ्या दिवशी, गोष्टीची जी वेळ त्याच वेळेला, भिंतीवर थाप पडली. मग पुन्हा. जोरात नाही. आपण दार ठोठावतो आणि आतलं माणूस झोपलं असेल म्हणून संकोचतो, तशी. भुताला संकोच कशाला होईल, असं माझ्या मनात आलं. माझ्या ओळखीचा तो संकोच होता.

ताईला विचारणं भाग होतं. आणि विचारायला जायचं म्हणजे तिच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं. मी दुकानदाराकडून झालेल्या साड्यांचे पैसे आणले, एका हप्त्यापुरतेच होते, ते मुठीत धरून संध्याकाळी गेले.

"बस ना वं," ताई म्हणाली. "किती महिन्यांनी पाय लागले तुये."

मी पैसे पुढं केले. तिनं न मोजता घेतले. एवढ्यासाठीच आली का, असं तिनं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आलं, हं.

मी उंबऱ्यावरच बसले. ताईनं चटकन मधलं दार ओढलं, मग पुन्हा उघडलं. "ऐकलंच तू," ती म्हणाली. "आता काय लपवू तुयापासून. मामाजी हायेत."

सासरे होळीनंतरच परत आले होते. एका बाजूनं अंग गेलं, वाचा गेली. तरी पाय ओढत दिराच्या घरून दोनदा संत्र्याच्या बागेत निघून गेले, म्हणून त्यानं गाडी करून आणून सोडलं. गाडी आली त्या संध्याकाळी मी कडीचा आवाज ऐकून आतल्या खोलीत उभी असणार. ताईला पोळ्यांचं काम सोडता येत नव्हतं. जेवण, पाणी हाताशी ठेवून ती कुलूप लावून जायची. लोक म्हणतील सासऱ्याला कोंडते, म्हणून कोणाला सांगितलं नाही. पण मागच्या घरच्यांनी तिला सांगितलं होतं की म्हातारा रिकाम्या घरात दुपारभर हूं हूं करतो, आता तर भिंत बडवतो. दिरानं ठरवलं होतं, येत्या रविवारी वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन टाकायचं.

"डोकं गेलं त्याहीचं," ताई म्हणाली. "भिंतीसंगं बोलतेत."

मला बोलणं भाग होतं. "ताई, ते माझ्या फोनले हुंकारा देऊन राहिले."

तिला समजलं नाही. मला ते पुन्हा, नीट, सगळं सांगावं लागलं. आयुष्यात मी एका दमात इतकं बोलले नव्हते. सांगून झाल्यावर ती हसली, मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

"म्हणजे ठिकाणावर हाय ते?"

"माझ्याहून जास्त," मी म्हटलं. "मी गोष्ट मधातच सोडून पळाली. ते बसून राहिले."

त्या संध्याकाळी फोन आणून राहिलेला अर्धा भाग लावला. बाबाजी, ताईच्या सासऱ्यांना मी असंच म्हणते, खाटेवर टेकून बसले होते. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली, डोळा मात्र चांगला. वाचणारीचं वाक्य संपलं की हं. जिथं गोष्टीत भीती होती तिथं हळू, जिथं कोणी खोटं बोललं तिथं नाराजीनं. रविवारी दीर आला तेव्हाही ताईनं मला बोलावून फोन लावायला सांगितलं. तो बराच वेळ उभ्यानं पाहत राहिला. मग चहा न घेता एकटाच परत गेला.

किल्ली ताईनं माझ्याकडं दिली. दुपारी मी साड्या घेऊन तिकडं जाऊन बसू लागले. फोन त्यांच्या आलमारीवर पालथा, वर ब्लाऊजपीस. एक भाग, पूर्ण. ताई म्हणाली, उरलेले पैसे मी सोडले, तू बसून राहते ते काय कमी आहे. मी म्हटलं, "नाई ताई. मग मी तुमच्या घरची पगारी बाई झाली. पैसे वेगळे." ती रागावली, दोन दिवस बोलली नाही, पण मी ऐकलं नाही.

भाग संपल्यावर मी फोन बंद करायची आणि शिवत राहायची. बाबाजी मात्र थांबत नसत. गप्प खोलीत थोड्या थोड्या वेळानं हं म्हणत, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहत. त्यांच्यासाठी कोणी पुढं वाचत होतं का, की ऐकलेलंच आत फिरत होतं, मी विचारलं नाही. ते सांगू शकले नसते. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. मग मी त्या हं वर टाका घेऊ लागले.

एकदाच असं झालं की भाग चालू असताना बाबाजींना झोप लागली. बापाची रीत आठवून मी फोन थांबवायला उठत होते, तेवढ्यात भिंतीतून हं आलं. आमच्या घराच्या बाजूनं. लेक कॉलेजात, नवरा ड्युटीवर, कुलूप मी स्वतः लावलेलं, किल्ली माझ्या कमरेला. बाई वाचत होती, पाणी अंगणापर्यंत आलं. हं. बाबाजींनी डोळे उघडले, भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. घाबरलेले दिसले नाहीत. त्यांनी त्या भागात पुढं एकदाही हुंकारा दिला नाही, जणू आज दुसऱ्या कोणाची पाळी होती. मीही फोन बंद केला नाही. भाग पूर्ण होऊ दिला. घरी गेले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, फक्त कूलर चालू होता. तो मी बंद करून गेले होते असं मला वाटतं, पण शपथ घेऊन सांगता येणार नाही.

हे कोणाला सांगितलं नाही. इथं लिहिते आहे तेवढंच.

पावसाळ्यात ती कादंबरी संपली. आता दुसरी लावली आहे, तीही लांबलचक. कधी मोकळा वेळ मिळाला की बोट अजून शिवशिवतं, नाही असं नाही. फोन उंचावर आहे हे बरं आहे. महालक्ष्म्यांच्या आधी साड्यांचा ढीग येतो, तसा यंदाही आला, आणि एकही फॉल मला उसवावा लागला नाही. दुकानदारानं हिशेब केला त्याच संध्याकाळी मी ताईकडं गेले. ती भाकरी थापत होती. हात पिठाचे म्हणून म्हणाली, ठेव तिथी डब्यावर. मी म्हटलं, आज मोजून घ्या. तिनं हात धुतले, पुसले, खाटेवर बसून एकेक नोट मोजली. राहिलेले सगळे होते.

"फिटले वं," ती म्हणाली, आणि पुन्हा भाकरीला बसली. मी तिच्याजवळ बसून दुसरी भाकरी तव्यावर उलटली.